रिगा परिषद: अर्ज, व्हिसा आणि समुद्राखालचा एक प्रश्न

दरवर्षी ऑक्टोबरमध्ये लात्व्हियाच्या राजधानीत परराष्ट्र धोरण आणि सुरक्षा या विषयांवर एक परिषद भरते. नाव साधंच आहे, रिगा परिषद. नोव्हेंबर २००६ मध्ये नाटोची शिखर बैठक रिगात झाली, तिच्या जोडीने ही चर्चा सुरू झाली आणि पुढे दरवर्षीची झाली. लात्व्हियन ट्रान्सअटलांटिक ऑर्गनायझेशन ही संस्था तिथल्या परराष्ट्र आणि संरक्षण मंत्रालयांच्या साथीने ती भरवते. मंत्री, लष्करी अधिकारी, अभ्यासक, पत्रकार असे सगळे येतात. २०२४ च्या परिषदेला मी जाऊन आले. जाण्याआधी मराठीत याबद्दल काही वाचायला मिळतं का म्हणून खूप शोधलं आणि काहीच हाती लागलं नाही. म्हणून हे कागदपत्रांसकट, खर्चासकट लिहून ठेवते आहे.

आधी मी तिथे का गेले ते. माझं पीएचडीचं काम समुद्राखालून जाणाऱ्या इंटरनेट केबल्सच्या सुरक्षिततेवर आहे. भारताचा बाहेरच्या जगाशी चालणारा जवळजवळ सगळा डेटा या केबल्समधून जातो. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या जून २०२३ च्या शिफारशींमध्ये आकडा दिला आहे: १७ आंतरराष्ट्रीय केबल्स आणि त्या किनाऱ्यावर येतात अशी १४ केंद्रं. मुंबईत येणाऱ्या केबल्सपैकी बऱ्याचशा वर्सोव्याच्या आसपासच्या छोट्याशा पट्ट्यात वर येतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये बाल्टिक समुद्रात फिनलंड आणि एस्टोनिया यांच्यामधली बाल्टिककनेक्टर ही गॅसवाहिनी फुटली आणि त्याच सुमारास दूरसंचार केबलही तुटली. समुद्रतळावर नांगर फरफटल्याचा चर आणि तुटलेला नांगर सापडला. हाँगकाँगचा झेंडा लावलेल्या 'न्यून्यू पोलर बेअर' या मालवाहू जहाजाचा तो नांगर असल्याचं तपासात पुढे आलं. त्यानंतर काही महिन्यांतच तांबड्या समुद्रात 'रुबीमार' हे जहाज हल्ल्यानंतर सोडून दिलं गेलं आणि त्या भागातल्या केबल्स तुटल्या. त्याची झळ भारत आणि युरोप यांच्यामधल्या डेटा वाहतुकीला बसली.

प्रबंधातलं बाल्टिकचं प्रकरण मी अहवाल आणि बातम्यांवरूनच लिहीत होते. ते वाचून माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "अगं, बाल्टिकवर चाळीस पानं लिहिलीस आणि तिथल्या एकाही माणसाशी बोलली नाहीस. रिगाला अर्ज कर. नाही म्हणाले तर नाही म्हणाले."

जूनच्या अखेरीस अर्ज भरला. फॉर्म मोठा नव्हता. शिक्षण, संस्था, आत्तापर्यंतचं लेखन आणि यायचं कशासाठी ते थोडक्यात. या शेवटच्या रकान्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा असं सांगेन. "मला आंतरराष्ट्रीय संबंधांची आवड आहे" असं प्रत्येकजण लिहितो. मी एक प्रश्न लिहिला: किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडे, परदेशी झेंड्याचं जहाज केबलवरून नांगर ओढत चाललं असेल, तर किनाऱ्यावरच्या देशाने नेमकं काय करायचं? खाली दोन ओळींत, हा प्रश्न मुंबईसाठी का महत्त्वाचा आहे ते लिहिलं. ओळख, शिफारस, कुणाचं नाव यातलं काही माझ्याकडे नव्हतंच.

मग वाट पाहणं. जुलै पूर्ण कोरडा गेला. "अर्ज पोचला" एवढंच आलं होतं, त्याला निमंत्रण समजून तिकीट काढायच्या भानगडीत पडू नका. ऑगस्टच्या मध्याला संध्याकाळी लायब्ररीत बसले असताना निवड झाल्याचा मेल आला. आनंद झालाच, पण पुढच्याच मिनिटाला पोटात गोळा आला, कारण परिषद ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती आणि माझ्या पासपोर्टवर एकही शिक्का नव्हता.

इथून कागदांचं काम सुरू झालं. आयोजकांकडून मी लगेच निमंत्रणपत्र मागवलं आणि त्यात पाच गोष्टी असाव्यात अशी विनंती केली: पासपोर्टवर आहे तसंच नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, परिषदेच्या तारखा, आणि कोणता खर्च कुणाचा हे स्पष्ट वाक्य. माझ्या बाबतीत प्रवास आणि राहणं दोन्ही स्वतःच्या खर्चाने होतं. तसं लिहून आलं, हे बरं झालं. खर्चाबद्दल पत्र गप्प असेल तर व्हिसाच्या वेळी तोच प्रश्न आधी निघतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो विद्यापीठाच्या ना हरकत प्रमाणपत्रात. अर्ज विभागप्रमुखांकडून पुढे जातो, मग संशोधन विभाग, मग कुलसचिव कार्यालय. तो गणपतीच्या आधीचा आठवडा होता, अर्ध्या टेबलांवर माणूस नव्हता. फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला जितका वेळ लागतो, तितक्यात व्हिसा केंद्रातल्या अपॉइंटमेंटच्या तारखा संपत चालल्या होत्या. शेवटी तिथल्या एका ज्येष्ठ लिपिक बाईंनी मला समजावून सांगितलं, "परदेशी जायच्या अर्जाला वेगळा नमुना असतो बाळा, साध्या कागदावर दिलास म्हणून तो फिरतोय." नमुना त्यांनीच काढून दिला, शेजारी बसवून भरून घेतला, आणि दोन दिवसांत सही झाली. एवढा नमुना आहे हे कुठल्याही सूचनाफलकावर नव्हतं. तुमच्या संस्थेत पहिल्याच दिवशी आवक-जावक खिडकीवर विचारा: परदेश प्रवासाच्या परवानगीचा नमुना वेगळा आहे का? आणि प्रत्येक अर्जाच्या पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवा.

दुसरी अडचण पैशांची. शिष्यवृत्ती तीन-चार महिन्यांनी एकदम जमा होते, त्यामुळे माझं बँक स्टेटमेंट बहुतेक महिने रिकामं दिसायचं. बाबांनी प्रायोजक म्हणून पत्र दिलं. त्यासोबत त्यांचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, तीन वर्षांचं आयटीआर आणि आमचं नातं दाखवणारा कागद जोडला. शिष्यवृत्ती मंजुरीचं पत्रही जोडलं आणि ती अशी थांबून थांबून का येते हे कव्हर लेटरमध्ये दोन वाक्यांत लिहिलं. अर्जाच्या तोंडावर खात्यात मोठी रक्कम टाकून ते फुगवू नका. ती रक्कम कुठून आली हा नवा प्रश्न उभा राहतो.

बाकीचे नियम शेंगेन देशांसाठी ठरलेले आहेत, तरी एकदा लिहिते. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालायला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. मला तो १,४०० रुपयांच्या आसपास पडला. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत वाढू शकतात. फी ११ जून २०२४ पासून ८० वरून ९० युरो झाली होती. रुपयांत ते साडेआठ हजारांच्या आत होतं, आणि व्हिसा केंद्राचा सेवाआकार त्यावर वेगळा. फॉर्ममध्ये प्रवासाचा उद्देश विचारतात, तिथे 'परिषद' असा पर्याय नाही. मी 'इतर' निवडून शेजारी परिषदेचं नाव लिहिलं आणि कव्हर लेटरचं पहिलं वाक्य तेच ठेवलं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अपॉइंटमेंट मिळाली. पहाटेच्या गाडीने गेले. काउंटरवरच्या मुलीने कागद तिच्या यादीच्या क्रमाने लावायला सांगितले, म्हणून तो क्रम आधीच उतरवून नेला तर वेळ वाचतो. एसएमएस, कुरिअर, आरामखोली अशा बऱ्याच सेवा पुढे केल्या जातात. त्या ऐच्छिक असतात, पण बोलण्याच्या ओघात तसं कळत नाही. "यातलं सक्तीचं काय आहे?" एवढं शांतपणे विचारा. मी फक्त कुरिअर घेतलं. बोटांचे ठसे, फोटो, आणि तासाभरात मी बाहेर.

त्याच आठवड्यात, ७ सप्टेंबरला, एक रशियन ड्रोन लात्व्हियाच्या पूर्वेला रेझेक्ने भागात कोसळला. आईने ती बातमी वाचली आणि फोन केला. "तू जातेस तिथेच ना गं हे?" मी नकाशा काढून रेझेक्नेपासून रिगाचं अंतर सांगू लागले. मग थांबले, कारण तिची भीती अंतराबद्दल नव्हती. परिषद ज्या गोष्टीवर होती ती गोष्ट तिला माझ्याआधी नीट कळली होती असं मला आज वाटतं. दिवसाकाठी तिला एक फोन करायचा, असं ठरलं.

व्हिसाच्या वाटेचे दिवस वाईट जातात. संकेतस्थळावर "अर्ज दूतावासात विचाराधीन" एवढी एकच ओळ बदलत नाही. दिवसातून एकदाच पाहायचं असा नियम मी केला आणि उरलेल्या वेळात वाचन केलं. सप्टेंबर संपता संपता पाकीट आलं. व्हिसा एकदाच प्रवेशाचा, परिषदेचे आणि आगेमागे थोडे दिवस, आणि मुदतीत पंधरा दिवसांची सूट. पहिल्यांदा जाणाऱ्याला साधारण असाच मिळतो. हातात आल्याबरोबर नावाचं स्पेलिंग, तारखा आणि प्रवेशांची संख्या तपासा.

विमानतिकीट मी तोवर राखून ठेवलं होतं, पैसे व्हिसानंतर भरले. भारतातून रिगाला थेट विमान नाही. इस्तंबूलमार्गे येऊन-जाऊन ७२,००० पडले. फ्रँकफर्ट किंवा वॉर्सामार्गे गेलात तर शेंगेनमधला प्रवेश तिथेच होतो, तेव्हा मधला वेळ भरपूर ठेवा. माझी तपासणी रिगातच झाली. अधिकाऱ्याने निमंत्रणपत्र पाहिलं, विषय विचारला. "केबल्स? समुद्राखालच्या?" असं म्हणून त्याने मान हलवली आणि शिक्का मारला. हे पत्र, विमा आणि परतीचं तिकीट हातसामानात, छापील, वरच्या कप्प्यात ठेवा.

विमानतळावरून शहरात २२ क्रमांकाची बस जाते. नव्वद मिनिटांचं तिकीट तेव्हा दीड युरो होतं. मी जुन्या शहराजवळ ४८ युरो रोजाची खोली घेतली होती. ऑक्टोबरमध्ये तिथे पारा आठ-दहा अंशांवर असतो, सहा वाजून गेले की अंधारतं, आणि नदीवरचा वारा स्वेटर भेदून येतो. वारा अडवणारं जाकीट हवंच.

परिषद भरते ती लात्व्हियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. दौगाव्हा नदीच्या डाव्या तीरावरची ही इमारत २०१४ मध्ये सुरू झाली. गुनार बिर्केर्ट्स या लात्व्हियात जन्मलेल्या अमेरिकी वास्तुविशारदाने ती रेखली. लोक तिला 'प्रकाशाचा किल्ला' म्हणतात. त्या वर्षीच्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीत हजारो लोक जुन्या ग्रंथालयापासून नव्यापर्यंत रांगेत उभे राहिले आणि पुस्तकं हातोहात पुढे देत गेले. आत शिरलं की अनेक मजली काचेचं कपाट दिसतं, त्यात लोकांनी दिलेली पुस्तकं आहेत, आत देणाऱ्याच्या हस्ताक्षरातल्या दोन ओळींसह. सुरक्षा परिषद अशा जागी भरवण्यामागे विचार आहे, असं मला वाटतं. काय राखायचं आहे ते भाषण सुरू होण्याआधीच समोर दिसतं.

नोंदणीला पासपोर्ट दाखवून बॅज मिळतो, पिशव्या तपासतात, आणि कोट जमा करावा लागतो. वही, पेन, व्हिजिटिंग कार्डं कोटाच्या खिशात ठेवू नका. कार्डं जरूर छापून न्या, अडीचशे रुपयांत होतात. बॅजवर नाव आणि देश असतो, आणि सभागृहात 'भारत' लिहिलेले बॅज मला फारसे दिसले नाहीत.

मोठ्या सत्रांबद्दल माझं स्पष्ट मत आहे. त्यातली बरीचशी घरबसल्या थेट प्रक्षेपणात पाहता येतात आणि मंचावरचे लोक आपल्या सरकारची ठरलेली भूमिकाच मांडतात. तरी एक गोष्ट प्रत्यक्ष बसल्याशिवाय कळत नाही. ज्या देशाची लोकसंख्या एकोणीस लाखांच्याही आत आहे, ज्याची सीमा रशियाला आणि बेलारूसला लागून आहे, त्याच्यासाठी 'सुरक्षा' हा अभ्यासाचा विषय नसतो. २९ मार्च २००४ ला लात्व्हिया नाटोत आला. त्याला त्या वर्षी वीस वर्षं झाली होती. आदाजीच्या लष्करी तळावर कॅनडाच्या नेतृत्वाखालचं बहुराष्ट्रीय दल आहे. युक्रेनचं नाव निघालं की सभागृहात कागदांची सळसळ थांबायची. वीजजाळ्याची चर्चा झाली तेव्हाही तसंच. एस्टोनिया, लात्व्हिया आणि लिथुएनिया हे तिन्ही बाल्टिक देश तेव्हाही सोव्हिएत काळातल्या, मॉस्कोहून चालणाऱ्या जाळ्याला जोडलेले होते आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यातून सुटायची तयारी चालू होती. आपल्या विजेची लय दुसऱ्याच्या हातात असणं म्हणजे काय, याचा मी आधी विचारच केला नव्हता.

खरं काम जेवणाच्या टेबलावर आणि छोट्या खोल्यांतल्या चर्चांमध्ये होतं. छोट्या चर्चांना बहुधा चॅटहॅम हाऊस नियम असतो: ऐकलेलं वापरा, पण कोण बोललं ते सांगू नका. मीही तो इथे पाळते आहे.

पहिल्या दुपारी शेजारी एक साठीच्या बाई बसल्या होत्या. बॅज पाहून त्यांनी दुसऱ्याच वाक्याला विचारलं, "तुम्ही रशियाकडून एवढं तेल का घेता?" आवाज चढा नव्हता. भारतातून जाणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न येतो, तेव्हा तयारी करून जा. मी सांगितलं, की आम्ही लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांच्या आसपास आयात करतो, किंमत वाढली की ती भाजीपर्यंत पोचते, आणि २०२२ आधी रशियाचा वाटा नगण्य होता, आता तो एक तृतीयांशाच्या वर आहे. आकडे लपवले नाहीत. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझी आई सहा वर्षांची होती. मार्च १९४९. गुरांच्या डब्यात घालून नेलं." २५ मार्च १९४९ ला सुरू झालेल्या त्या कारवाईत एकट्या लात्व्हियातून ४२,००० च्या वर माणसं सैबेरियात धाडली गेली. हा आकडा मी वाचलेला होता. आकड्यातल्या एका मुलीची मुलगी समोर बसून सूप पीत होती.

मी काय बोलावं ते मला सुचलं नाही आणि मी तसंच म्हटलं. त्या म्हणाल्या, "बोलू नका. जेवून झालं की चालत तोर्नाकाल्न्स स्टेशनला जा. जवळच आहे." वाद जिंकायला त्या बसल्या नव्हत्या. मीही नव्हते. आमच्या देशाच्या धोरणाची कारणं मला आजही पटतात, पण ती कारणं त्या टेबलावर किती वजनाची वाटतात हे मला त्या दिवशी कळलं, आणि पुढे लिहिताना ते वजन धरून लिहायचं असं मी ठरवलं.

माझा प्रश्न विचारायची संधी मोठ्या सभागृहात मिळाली नाही. हात बरेच वर होते. दुसऱ्या दिवशी सागरी सुरक्षेच्या छोट्या चर्चेत मी पुढच्या रांगेत बसले आणि सूत्रसंचालकाला सुरुवातीलाच खुणेने सांगितलं. नाव, संस्था आणि एका वाक्यात प्रश्न, एवढंच बोला. प्रस्तावना करू लागलात तर माइक जातो. मी कागदावरून वाचला. आवाज थरथरत होता, पण प्रश्न पूर्ण झाला.

उत्तर दोघांनी दिलं. कायद्याची बाजू मांडणाऱ्याने सांगितलं ते साधारण असं: १८८४ चा पॅरिस करार आणि नंतरचा संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा, दोन्हींची भिस्त झेंड्याच्या देशावर, म्हणजे जहाजाची नोंदणी जिथे आहे त्या देशावर आहे. केबल तोडणं हा गुन्हा ठरवायचा तो त्या देशाने, आपल्या जहाजांपुरता. प्रादेशिक समुद्राच्या, म्हणजे त्या १२ सागरी मैलांच्या बाहेर किनाऱ्यावरच्या देशाला परदेशी जहाज थांबवण्याचा अधिकार फार तोकडा आहे. हे मला पुस्तकातून माहीत होतं. दुसरं उत्तर एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याचं होतं, आणि त्यासाठी सगळा प्रवास वसूल झाला. ते म्हणाले, तुम्ही विचारता थांबवायचं कसं. आम्ही आता आधी विचारतो, दुरुस्त किती दिवसांत होईल. जहाज कुठलं, सुटे भाग कुठे ठेवलेत, परवानगी कोण देणार, आणि तोपर्यंत दुसरा मार्ग कोणता. तोडणाऱ्याला फायदा होतो तो तुटण्याने नाही, तुटलेलं राहण्याने होतो.

चर्चा संपल्यावर मी त्यांना गाठलं. भारताचं स्वतःचं केबल-दुरुस्तीचं जहाज नसल्याने आपण परदेशी जहाजांवर अवलंबून आहोत, आणि ट्रायनेही भारतीय झेंड्याच्या जहाजांचा विषय मांडला आहे, हे सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. आपलं बोलणं कुणीतरी लिहून घेतं आहे, हा अनुभव संशोधन करणाऱ्याला फार बळ देतो. कार्डाच्या मागे भेटीची तारीख आणि विषय लगेच लिहा, संध्याकाळपर्यंत चेहरे मिसळतात.

त्या दुपारी थोडा वेळ मिळाला तेव्हा वरच्या मजल्यावर 'दाइनांचं कपाट' पाहिलं. दाइना म्हणजे लात्व्हियन लोकगीतं, बहुतेक चार ओळींची. क्रिश्यानिस बारोन्स यांनी एकोणिसाव्या शतकात ती चिठ्ठ्यांवर जमवली. कपाटात अडीच लाखांहून जास्त चिठ्ठ्या आहेत आणि २००१ पासून त्याची नोंद युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसंचयात आहे. मला हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या, त्याही लाखावर आहेत. शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थिनीला मी एक ओवी म्हणून दाखवली. तिने एक दाइना म्हटली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी चाल कुठे टेकते ते दोघींना कळलं.

परतीच्या आदल्या दिवशी तोर्नाकाल्न्सला गेले. रुळाच्या कडेला जुना लाकडी मालडबा ठेवला आहे. फुलं होती, माणूस कुणी नव्हतं. मी तिथे अर्धा तास बसले.

आता हिशेब. विमान, व्हिसा, विमा, राहणं, खाणं धरून एक लाख वीस हजारांच्या आसपास गेले. विद्यापीठाच्या प्रवास अनुदानातून नंतर ४०,००० मिळाले. त्यासाठी बोर्डिंग पासच्या मूळ प्रती, खोलीची पावती, सहभागाचं पत्र आणि परवानगीची प्रत लागते. मोबाइलमधला बोर्डिंग पास आमच्या लेखा विभागाला चालत नाही. विमानतळावर छापून घ्या आणि फेकू नका. रक्कम जानेवारीत जमा झाली.

परत आल्यावर महिनाभरात, नोव्हेंबरच्या मध्याला, बाल्टिकमध्ये लिथुएनिया-स्वीडन आणि फिनलंड-जर्मनी अशा दोन केबल्स तुटल्या. नाताळच्या दिवशी एस्टोनिया-फिनलंड वीजवाहिनी. १४ जानेवारीला नाटोने 'बाल्टिक सेंट्री' ही गस्त जाहीर केली. २६ जानेवारीला तर लात्व्हियाच्या व्हेंट्स्पिल्सहून स्वीडनच्या गोटलंड बेटाकडे जाणारी केबल तुटली. मी त्या अधिकाऱ्यांना मेल केला, कसे आहात म्हणून. उत्तर आलं: दुरुस्तीचं जहाज निघालं आहे, आणि तुमच्याकडच्या जहाजाचं काय झालं? प्रबंधातलं ते प्रकरण मी आता नव्याने लिहिते आहे. आधी त्याचा केंद्रबिंदू 'गुन्हेगार कोण' हा होता, आता 'दुरुस्ती कोण करणार' हा आहे. ९ फेब्रुवारीला तिन्ही देशांचं वीजजाळं युरोपच्या जाळ्याला जोडलं गेलं, त्या रात्री मी ती बातमी जागून पाहिली.

ज्यांना यंदा जायचं असेल त्यांनी मे महिन्यापासून परिषदेच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवावं आणि पासपोर्टची मुदत आजच पाहावी. परवानगीचा नमुना आत्ताच मिळवून ठेवा, सही मात्र निमंत्रण आल्यावरच घ्या. कव्हर लेटरचा मसुदा कुणाला हवा असेल तर खाली विचारा, माझं नाव आणि क्रमांक काढून पाठवते.